आईचा एक प्रश्न आणि माझी नळी

काल आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. इथं जर्मनीत अजून स्वेटर घालावा लागतोय आणि तिकडं परभणीत ४३ डिग्री, दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसली होती. "दिवसभर काय करायलीस गं?" म्हणली. मी फॉइलमध्ये गुंडाळलेली नळी दाखवली.

आमचं काम असं की ई. कोलाय बॅक्टेरिया फोडून त्यातला रस काढायचा, त्यात रायबोझोम (प्रोटीन जोडणारी बारकी यंत्रं) असतात, मग अमिनो ॲसिड, ऊर्जेचं केमिकल आणि डीएनए टाकला की जिवंत पेशी नसतानाही प्रोटीन बनतं. १९६१ ला निरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अशाच रसात नुसत्या 'यू' अक्षरांचा आरएनए (रायबोझोम वाचतो ती चिठ्ठी, एरवी डीएनएवरून उतरवलेली) टाकला आणि जेनेटिक कोडचा, म्हणजे कुठल्या अक्षरांनी कुठलं अमिनो ॲसिड या भाषेचा, पहिला शब्द वाचला, पुढं १९६८ च्या नोबेलमध्ये त्यांच्यासोबत आपले हरगोविंद खुराना पण होते.

पण चालू कधी करायचं हे आपल्या हातात पाहिजे ना. केमिकल टाकून चालू केलं तर ते सगळीकडं पसरतं, परत काढता येत नाही. उजेड मात्र पाहिजे तिथंच, पाहिजे तेवढाच पाडता येतो. म्हणून डीएनएवर एक रासायनिक झाकण लावतात, अल्ट्राव्हायलेट पडला की ते गळून पडतं आणि वाचन सुरू होतं (म्हणून तर फॉइल, खोलीतला उजेड पण लागायला नको). दुसरा रस्ता उष्णतेचा. आरएनएला एक घडी असते, रायबोझोम बसायची जागा त्या घडीत लपलेली, गरम झालं की घडी उलगडते. लिस्टेरिया नावाचा जंतू हेच करतो, ३७ डिग्री लागलं की त्याला कळतं आपण शरीरात शिरलो.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणली, "३७ ला चालू होतं म्हणतीस, मग आपल्याकडं मे महिन्यात बंद कधी व्हायचं गं?"

मी गप्पच झाले. एवढे महिने हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण इथं खोलीचं तापमान म्हणजे २०-२२ डिग्री. हाच रस सुकवून कागदावर ठेवता येतो, पाणी टाकलं की कामाला लागतो, उद्या गावातल्या दवाखान्यात तपासणीला वापरता यावा हीच तर माझी सगळी धडपड, आणि तिथं फ्रीजला दिवसभर लाइट असेलच असं नाही. सुकलेला असेपर्यंत तो आपोआप चालू होणार नाही, पण पाणी टाकल्यावर तिथल्या उन्हाळ्यात उष्णतेचं बटण काय कामाचं? उजेडाचं बटणच पाहिजे. आणि सुकलेला रस तरी ४३ ला किती दिवस टिकतो?

आज सकाळी प्रोफेसरांना विचारलं, हो म्हणले. सोमवारपासून सुकवलेल्या नळ्या ४३ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवणार आहे, आईला पण सांगितलंय.