तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपचा अभ्यास करून पुढे काय?

"आमची मुलगी बारावीनंतर इंटरनॅशनल रिलेशन्स करायचं म्हणते, त्यातही युरोपियन स्टडीज. त्यात शिकवतात तरी काय? आणि पुढे त्याचं होतं काय?"

हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला जातो, सोसायटीच्या मीटिंगनंतर विचारला जातो, कधी ओळखीतून नंबर मिळवून फोनवरही. विचारणाऱ्यांच्या आवाजात काळजी असते आणि ती रास्त आहे. परदेशातली पदवी म्हणजे अनेक घरांची आयुष्यभराची पुंजी. मी रत्नागिरीची. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला तीन वर्षांची युरोपियन स्टडीजची बी.ए. केली आणि आता पुण्यात निर्यातदारांना युरोपचे नियम समजावून सांगण्याचं काम करते. तेव्हा माझ्यापुरतं उत्तर देते.

आधी एक-दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. मुलीला भारतीय परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर ही पदवी लागत नाही. यूपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. ब्रुसेल्सला युरोपीय संघात अधिकारी व्हायचं असेल तर त्यासाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. भारतीय पासपोर्टवर ती दारं जवळजवळ बंदच आहेत. संयुक्त राष्ट्रांतल्या जागा थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी पदव्युत्तर शिक्षण नि अनुभव मागतात. 'इंटरनॅशनल' या शब्दावरून डोळ्यांसमोर दूतावास येत असेल तर तो आधीच बाजूला ठेवलेला बरा.

मग शिकवतात काय? इतिहास, कायदा, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, असं थोडक्यात सांगता येईल. पण माझ्या मते ही पदवी मुळात एकच गोष्ट शिकवते: समोर आलेल्या कुठल्याही निर्णयाला विचारायचं, की हे कुणी ठरवलं, कुठल्या अधिकारात ठरवलं आणि ते बदलायचं असतं तर कुठल्या टप्प्यावर, कुणाकडे जायला हवं होतं.

युरोप हा या प्रश्नासाठी सगळ्यात चांगला वर्ग आहे असं मला आजही वाटतं. तो देखणा किंवा श्रीमंत आहे म्हणून नव्हे. एकमेकांची शहरं बेचिराख केलेल्या देशांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद सामायिक यंत्रणेखाली आणायचं ठरवलं आणि तिथून पुढे आपल्या सार्वभौमत्वाचे तुकडे एकेक करून, कागदावर, अटी घालून एकमेकांच्या हाती दिले. प्रत्येक तुकड्याची नोंद आहे, प्रत्येक अटीवर भांडण झालेलं आहे. मास्ट्रिख्टमध्ये हे सगळं हाताशी होतं. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी बारा देशांनी ज्या करारावर सह्या केल्या, ज्यातून युरोपीय संघ उभा राहिला आणि युरोचा रस्ता आखला गेला, तो मास नदीकाठच्या प्रांतिक सरकारच्या इमारतीत झाला. जर्मनीतलं आखेन आणि बेल्जियममधलं लिएज तिथून बस-रेल्वेच्या टप्प्यात. एकेकाळी कोळशावर जगणारा मास्ट्रिख्टचा प्रांत. तिथल्या खाणी बंद करायचं १९६५ मध्ये जाहीर झालं आणि दहा वर्षांच्या आत शेवटची खाणही बंद झाली.

शिकवण्याची पद्धत आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळी आहे, त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण पैसे मुख्यतः त्याचे आहेत. तिथे 'प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग' चालतं. व्याख्यानं असतात, पण कमी. खरा अभ्यास पंधराएक जणांच्या गटात होतो. पुढ्यात एखादं व्यंगचित्र, एखाद्या भाषणाचा तुकडा किंवा निकालातला उतारा ठेवतात. गटातलाच एक विद्यार्थी चर्चा चालवतो, दुसरा फळ्यावर नोंदी घेतो. न समजलेले शब्द आधी सोडवायचे, मग यात प्रश्न नेमका कुठला ते ठरवायचं, सुचेल ते सगळं मांडायचं, त्याची जुळणी करायची आणि आपल्याला काय माहीत नाही याची यादी करून घरी जायचं. वाचन करून पुढच्या बैठकीत त्या यादीची उत्तरं एकमेकांना द्यायची. ट्यूटर शेजारी बसलेला असतो, पण उत्तर सांगत नाही. गाडी भलतीकडे चालली तर एखादा प्रश्न टाकतो. वाचून न आलेला माणूस तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो. आणि पोर्तुगाल, पोलंड, जर्मनी, लिथुआनियातली मुलं एकाच टेबलाभोवती असली की दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये 'संपलं' हे वाक्यसुद्धा बिनविरोध मंजूर होत नाही.

असाच एकदा पुढ्यात एक विजेचं बिल आलं. फ्लामिनियो कोस्ता हा मिलानचा वकील. इटलीनं १९६२ मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यांत तो भागधारक असलेली कंपनीही गेली. त्यानं नव्या सरकारी कंपनीचं दोन हजार लिराही न भरणारं बिल भरायला नकार दिला आणि म्हणाला, हे राष्ट्रीयीकरणच युरोपच्या सामायिक बाजारपेठेच्या कराराच्या, म्हणजे १९५७ च्या रोमच्या कराराच्या, विरोधात आहे. प्रकरण छोट्या न्यायाधीशाकडून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. १९६४ च्या निकालात न्यायालयानं तत्त्व मांडलं, की देशाचा कायदा आणि युरोपीय कायदा यांत विरोध आला तर युरोपीय कायदा वरचढ. करारात असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी ते कराराच्या स्वरूपातून काढलं आणि सदस्य देशांनी, कुरकुरत का होईना, ते चालू दिलं. का चालू दिलं? यावर आमचा गट भांडभांड भांडला. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे बड्या नेत्यांची हस्तांदोलनं, ही माझी कल्पना त्या बिलानं कायमची मोडली.

दुसरी आठवण मासेमारीची. दर डिसेंबरात सदस्य देशांचे मंत्री ब्रुसेल्सला जमून पुढच्या वर्षी कुठल्या समुद्रातून किती मासे काढायचे ते ठरवतात. बैठक बऱ्याचदा रात्रभर लांबते. आम्ही त्याची नक्कल केली आणि माझ्या वाट्याला ऑस्ट्रिया आला. समुद्रकिनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला समुद्रच नसलेला देश! पण मतदानाचा नियम पाहिला तर निर्णयाला ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते, आणि त्यात ऑस्ट्रियाचं मत मोजलं जातं. ज्याला मासळीत काही घेणं-देणं नाही त्याचं मत सगळ्यांना हवं असतं आणि त्या बदल्यात तो डोंगराळ शेतीबद्दल काही मागू शकतो. लहान देश मोठ्यांमध्ये कसे टिकतात हे मी त्या दुपारी शिकले.

आमचं पहिलं वर्ष ब्रेक्झिटच्या सावलीत गेलं. जनमत जून २०१६ मध्ये झालेलं, आणि मार्च २०१७ मध्ये ब्रिटननं बाहेर पडण्याची रीतसर नोटीस दिली. गटातल्या ब्रिटिश मुलांना आजी-आजोबांच्या कागदपत्रांत संघातच राहणारा आयर्लंड सापडतोय का ते शोधताना मी पाहिलं. युरोपीय नागरिकत्व ही गोष्ट मास्ट्रिख्ट करारानंच जन्माला घातलेली. ते मिळतं सदस्य देशाच्या नागरिकत्वामागोमाग. तेव्हा मला गोवा आठवला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता आहे. म्हणजे बांद्याच्या अलीकडच्या मुलीला ब्रुसेल्सच्या नोकरीचा अर्ज करता येत नाही आणि पलीकडच्या पेडण्यातल्या मुलीला, भारतीय नागरिकत्व सोडायची तयारी असेल तर, येऊ शकतो. इतिहासाच्या पुस्तकात 'वसाहतवादाचे परिणाम' असं एका ओळीत असतं ते हे.

वसाहतींचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रारही सांगते. ती एखाद्या विद्यापीठाबद्दल नाही, एकूण विषयाबद्दल आहे. युरोपच्या एकीची गोष्ट फार वेळा सुरुवातीच्या सहा सदस्य देशांच्या समेटाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण १९५७ चा रोमचा करार उघडा. त्यात अल्जीरियाचं नाव आहे, कारण तेव्हा फ्रान्स अल्जीरियाला आपलाच भाग म्हणत होता आणि तिथे युद्ध पेटलेलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहती 'सहयोगी प्रदेश' म्हणून त्याच कराराला जोडलेल्या आहेत. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यानं हे पान वाचलंच पाहिजे, आणि वर्गात काढलंही पाहिजे. माझ्या बाबतीत दुसरं पान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं होतं. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालनं १९५५ च्या अखेरीस भारताविरुद्ध तिथे दावा लावला, की आमच्या मुलखात जायला आम्हाला वाट द्या. १९६० चा निकाल असा: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य आणि सशस्त्र पोलिसांना नव्हती, आणि भारतानं आपली जबाबदारी मोडलेली नाही. त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी घरांत ठाऊक असतं. त्याचाच पुढचा अंक हेगच्या न्यायालयात झाला हे मला नेदरलँड्समध्ये जाऊन कळावं, याचं वाईट वाटतं.

आता हापूस. मी शाळेत असताना, १ मे २०१४ पासून, युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयात बंद केली. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आमच्याकडे बागायतदार म्हणत होते की हे युरोपचं राजकारण. पदवीच्या शेवटच्या प्रबंधासाठी मी हाच विषय घेतला. बंदीच्या आधीच्या वर्षात भारतातून गेलेल्या दोनशेच्या वर खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. निर्णय झाला वनस्पती-आरोग्याच्या स्थायी समितीत: अध्यक्ष युरोपीय आयोगाचा, सभासद प्रत्येक देशाचे तज्ज्ञ. वर्तमानपत्रांचे कॅमेरे अशा खोलीबाहेर उभे राहत नाहीत. युरोपात हापूसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ब्रिटन; तिथले व्यापारी चिडले, खासदार बोलले, पण ब्रिटन एकट्यानं बंदी उठवू शकत नव्हता, कारण हा विषय त्यानं केव्हाच सामायिक करून टाकला होता. शिवाय तिथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीला अशाच किडींची भीती होती. म्हणजे एकाच देशात हापूसच्या बाजूनंही माणसं होती आणि विरोधातही. दार उघडलं ते निषेधानं नाही. युरोपचे तपासनीस सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आले, निर्यातीच्या तपासणीत आणि प्रमाणपत्रांत सुधारणा झाल्याचं त्यांनी नोंदवलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याच समितीनं आंब्यावरची बंदी उठवायला मत दिलं. पुढच्या हंगामाला आंबा गेला.

राजकारण होतं का? होतं. पण ते कुठल्या खोलीत होतं, तिथे कुठली भाषा चालते, कुठला कागद लागतो, हे ज्याला माहीत त्यालाच त्यात भाग घेता येतो. आज माझं पोट याच कामावर चालतं. चाकणच्या एखाद्या नट-बोल्टच्या कारखान्याला युरोपातला गिऱ्हाईक विचारतो, तुमच्या मालामागे कार्बन किती निघाला ते कळवा. हा सीबॅमचा, म्हणजे आयात मालामागच्या कार्बनवर युरोपच्या सीमेवर पैसे आकारण्याचा नियम. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून आयातदारावर पैशांचा भार पडणार. मालक विचारतात, हे आपल्याला लागू होतं का? मी परिशिष्ट उघडते, मालाचा कोड पाहते, मग कलमं वाचते, आणि प्रस्तावनेतले परिच्छेदही, कारण नियम का केला आणि कुणाच्या आग्रहावरून कुठली सूट आली याचा सुगावा तिथे लागतो. हे वाचायला मला बी.ए.नं शिकवलं.

खर्चाचं थोडक्यात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी तिथल्या मुलांच्या कित्येक पट असते, राहण्याचा खर्च वेगळा, आणि पहिल्या वर्षात ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. गुण दहापैकी, साडेपाचला पास आणि आठ म्हणजे उत्तम. आपल्याकडे नव्वद टक्के बघायची सवय असलेल्या आई-वडिलांनी हे आधीच समजून घ्यावं, मुलीला फोनवर त्यावरून बोलू नये. पदवीनंतर नेदरलँड्समध्ये नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, पण डच येत नसेल तर ते वर्ष भराभर सरतं. इंग्रजी धरून दोन युरोपीय भाषा हव्यातच. मी फ्रेंच घेतली.

म्हणून मला विचारणाऱ्या बहुतेकांना मी सांगते, की पदवी इथेच करा. अर्थशास्त्र किंवा कायदा घ्या, राज्यशास्त्र घेतलं तर संख्याशास्त्र जोडा, आणि मास्टर्सला तिकडे जा; ते एक-दोन वर्षांचं असतं आणि तोवर कशासाठी जायचं ते ठरलेलं असतं. बारावीनंतर लगेच पाठवायचं फक्त त्या मुलीला, जिला कंटाळवाणे कागद कंटाळवाणे वाटत नाहीत. हे तपासायला वेळ लागत नाही. युरोपीय संघाचे कायदे इंटरनेटवर फुकट आहेत. तिच्या आवडीच्या विषयावरचा एखादा नियम तिला काढून द्या: मोबाइलचा चार्जर, विमान रद्द झाल्यावरची भरपाई, कीटकनाशकाची मर्यादा, काहीही. दोन दिवसांनी तिनं तुम्हाला त्यातलं एखादं कलम दाखवून 'हे असं का लिहिलंय?' असं विचारलं तर मला फोन करा, अर्जाचं मी बघते. आणि अकरावीला गणित सोडायचं चाललं असेल तर सोडू देऊ नका. प्रबंधात आणि आताच्या कामात मला त्याची सतत गरज पडली आहे.