३२ बिट पोस्टग्रेस ६४ बिटवर नेताना

काम पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसातलं. जुनं मशीन ३२ बिट विंडोज ७, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर, आवृत्ती ९.६. नव्यावर विंडोज ११ आणि पोस्टग्रेस १६. रविवारी लिलाव नसतो, म्हणून तोच दिवस धरला.

डेटा फोल्डर उचलून नव्यावर टाकायचा मोह आधी सोडा. आवृत्ती तीच ठेवली तरी ६४ बिट सर्व्हर तो फोल्डर उघडत नाही. आठ बाइटचे आकडे ६४ बिटमध्ये थेट किंमत म्हणून फिरतात, ३२ बिटमध्ये त्यांचा पत्ता फिरतो. ही नोंद कंट्रोल फाइलमध्ये असते आणि सर्व्हर सुरू होतानाच ती तपासतो. त्यामुळे डम्प (डेटा एका फाइलमध्ये काढणं) आणि रिस्टोअर (तो नव्यावर परत भरणं).

डम्प नेहमी नव्या आवृत्तीच्या पीजी-डम्प या कमांडने घ्यावा. १६ चा पीजी-डम्प ९.२ पर्यंतचे जुने सर्व्हर वाचतो. पण तो ६४ बिट, जुन्या मशीनवर चालणारच नाही. म्हणून नव्या मशीनवरून लॅनमधून घेतला. त्यासाठी जुन्याच्या पीजी-एचबीए फाइलमध्ये (कोण कुठून आणि कसं लॉगिन करेल ते ठरवणारी) नव्या मशीनच्या आयपीची ओळ टाकली, रीलोड केलं, फायरवॉलमध्ये ५४३२ पोर्ट उघडलं. फॉरमॅट कस्टम ठेवला. फाइलचं नाव लहान एफ (-f) पर्यायानेच द्या. पॉवरशेल या कमांड खिडकीत 'मोठे' चिन्ह (>) वापरून आउटपुट वळवलंत, तर विंडोजसोबत येणारं पॉवरशेल एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बदलून डम्पची वाट लावतं.

रिस्टोअरआधी टेम्प्लेट० या कोऱ्या साच्यावरून यूटीएफ८ एन्कोडिंगचा डेटाबेस बनवला, मग चार जॉब (एकावेळी चार कामं) लावून पीजी-रिस्टोअर. शेतकऱ्यांची देवनागरी नावं काळ्या कमांड खिडकीत चौकोन दिसली तर घाबरू नका, पीजीअॅडमिन या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅममध्ये बघा.

खरी गोची लॉगिनची. युजर आणि पासवर्ड पीजी-डम्पमध्ये येत नाहीत, ते पीजी-डम्पऑलने ग्लोबल्स (सगळ्या डेटाबेसना सामाईक गोष्टी) म्हणून वेगळे काढावे लागतात. त्या फाइलमध्ये 'पोस्टग्रेस' या मुख्य युजरचा जुना, एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेला पासवर्डही असतो. ती तशीच चालवली की नवा पासवर्ड पुसला जातो, आणि नव्या सर्व्हरची पीजी-एचबीए स्क्रॅम ही पासवर्ड तपासायची नवी पद्धत मागत असल्याने मुख्य युजरच बाहेर राहतो. ती ओळ आधीच काढा. बाकीच्यांसाठी पीजी-एचबीएत तात्पुरतं एमडी५ लिहिलं, पासवर्ड नव्याने दिले, मग परत स्क्रॅम केलं.

बिलिंगचं सॉफ्टवेअर ३२ बिटच राहिलं तरी चालतं, सर्व्हरशी बोलणं नेटवर्कवरून होतं. पण ओडीबीसी ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा दुवा) ३२ बिटचाच हवा, आणि तोही नवा. जुन्याला स्क्रॅम कळत नाही. डीएसएन (त्या जोडणीची नोंद) सिसवाव६४ (SysWOW64) फोल्डरमधल्या ओडीबीसी खिडकीतून बनवा. नावात ६४ आहे, पण ३२ बिटची खिडकी तीच! सिस्टम३२ मधली ६४ बिटची. उलट केलंत की 'आर्किटेक्चर मिसमॅच' ठरलेला.

शेवटी व्हॅक्यूमडीबीने अॅनालाइझ केलं, कारण १६ मध्ये टेबलांबद्दलची आकडेवारी डम्पसोबत येत नाही आणि अहवाल रखडतात. मग प्रत्येक टेबलच्या ओळी दोन्हीकडे मोजल्या, पावती क्रमांकाचे सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारे काउंटर) जुळवले. जुनं मशीन महिनाभर पुसायचं नाही, असं ऑफिसात सांगून ठेवलंय.