वीसपैकी वीस

फेब्रुवारी आला की आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय, दहावीचे इंटरनल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या बोर्डात विषय १०० चा असला तरी ८० लेखी आणि २० शाळेच्या हातात. भाषेला तोंडी, सायन्सला प्रात्यक्षिक, माझ्या गणिताला गृहपाठाची वही वगैरे. कागदावर छानच आहे हो. पण १८ च्या खाली मार्क टाकून बघा, दुसऱ्या दिवशी पालक गेटवर हजर.

मागच्या एका बॅचची गोष्ट. एका मुलाला मी १४ दिले. वर्षभरात त्याने वही दाखवली दोनदा, त्यातली एकदाची तर दुसऱ्याच कुणाची, वरचं कव्हर तेवढं बदललेलं आणि आत एकदम टपोरं सुंदर अक्षर, मुलीचं! हसावं की रडावं कळेना. तरी म्हटलं जाऊ दे, आठ दिवस घे, करून आण. नाही आणली. मार्क गुप्त असतात म्हणे, पण फुटतातच, आणि साहेब स्वतः स्टाफरूमच्या दारात, "मॅम, सगळ्यांना वीस आणि मलाच चौदा का?" घाबरला नव्हता, ते मला चालतं, आम्ही गणितासाठी पट्ट्या खाल्ल्यात आणि त्याचं मला काडीचं कौतुक नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं बंद केलं ते चांगलंच झालं. पण माझं कुठे चुकलं हे तो मला पाच मिनिटं समजावत होता आणि त्यात वहीचा विषयच नाही!

दुसऱ्या दिवशी वडील. "मॅडम, वहीबिही ठीक आहे, पण एवढी फी भरतो आम्ही." मी म्हटलं फी शिकवण्याची असते, मार्कांची नाही. तर त्यांनी मोबाईल काढला, पालकांच्या ग्रुपवर कुणाला किती मिळाले याची अख्खी यादी. "हा बघा, याने तरी कुठे वही पूर्ण केली होती? याला एकोणीस."

इथे मी गप्प बसले. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. तो १९ वाला दुसऱ्या तुकडीतला, पण माझ्या तुकडीत तरी काय वेगळं होतं, इतक्या वर्षांत मीही डोळे मिटून १९, २०, १९, २० लिहीतच आलेय. मग पालकांना ते आपल्या हक्काचे वाटले तर त्यात नवल काय? सवय आपणच लावली ना. शाळेच्या गेटवर ९० च्या वरच्या पोरांचे फोटो असलेला फ्लेक्स लावायचा, ॲडमिशनच्या वेळी तोच दाखवायचा, आणि मग पालक गिऱ्हाईकासारखे बोलतात म्हणून डब्याच्या वेळी कुरकुर करायची.

२०१९ आठवतंय? त्या वर्षी बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे २० मार्क काढून टाकले होते, नवीन अभ्यासक्रमही होताच, आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल धाडकन ७७.१० वर आला. केवढा गहजब! सीबीएसईवाले अकरावीच्या चांगल्या जागा घेऊन जाणार म्हणून सगळे हवालदिल. पुढच्याच वर्षी २० मार्क परत आले आणि निकाल ९५.३० टक्के (कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी मार्क दिले होते, तेही धरा). मला तर वाटतं त्या दिवसापासून या वीसबद्दल बोलायची कुणाची हिंमतच उरली नाही, आमचीही नाही.

असो. संध्याकाळी पर्यवेक्षकांनी बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत, उलट चहा मागवला. "बाई, एका पोरासाठी कशाला ताणता, बाकीच्यांना दिलेच आहेत ना." चहा संपेपर्यंत १४ चे १९ झाले होते. खाडाखोड दिसू नये म्हणून पूर्ण पान नव्याने लिहिलं, माझ्याच हाताने.

निकालानंतर बापलेक पेढे घेऊन आले. पोरगं पाया पडलं, खरंच मनापासून, तसा गोड आहे तो. वडील म्हणाले, "बघा मॅडम, तुम्ही उगाच टेन्शन दिलंत."

पेढे चांगले होते. मी दोन खाल्ले.