कारवीची काठी

परवा दुपारी दारामागची जळमटे काढताना एक काठी हाती लागली. अंगठ्याएवढ्या जाडीची, अंगाने खरखरीत आणि खालचे टोक चेंदून कुंच्यासारखे झालेली ही काठी मी दहा वर्षांचा असताना भीमाशंकरच्या वाटेवर मला मिळाली होती.

खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. शिडीघाटाच्या शिड्यांवर वडिलांचा मुळीच विश्वास नव्हता, म्हणून आम्ही लांबच्या गणेश घाटाने निघालो. सोबतीला आलेल्या गावातल्या बाबांनी फुलून वाळलेल्या कारवीतली एक काठी कोयत्याने तोडली, माझ्या छातीशी धरून मापली आणि वरचा तुकडा उडवून हातात दिली. "उतरल्यावर झाडाला टेकवून ठेव पोरा, मागून येणाऱ्याला होईल," एवढेच ते म्हणाले. दिवसभर पदरगडाच्या सोबतीने चढताना माझे लक्ष डोंगराकडे कमी आणि दगडावर वाजणाऱ्या त्या काठीकडेच अधिक होते. माथ्यावरच्या गर्द झाडीत शेकरू दिसले, तेही शेपटीपुरतेच. हल्लीच्या घडीच्या ॲल्युमिनियमच्या काठ्यांना तसा आवाज नाही, त्यामुळे त्या मला कधीच आपल्या वाटल्या नाहीत.

उतरल्यावर मी काठी टेकवली नाही. एस.टी.त दोघांना आणि कर्जतहून लोकलमध्ये आणखी तिघांना ढोसत ती घरी आणली. वडील काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली जाहीर झाले. आता तिथून पानसुद्धा आणू नये, हा नियम मला मनापासून पटतो आणि दारामागे पाहिले की थोडा बोचतोही. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, सारा उतार जांभळा करते, बी धरते आणि वाळून जाते. पावसात त्याच बियांची रोपे उठतात. माझ्या काठीच्या झुडपाच्या किती पिढ्या तिथे फुलून गेल्या असतील, याचा हिशोब मी दोन बोटांपर्यंत केला आणि सोडून दिला.

पुढच्या खेपेला ती नेऊन झाडाला टेकवावी, असे ठरवून मी उभा राहिलो. तेव्हा छातीला लागणारी काठी आता कमरेशी येते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या काठीची उंचीही नेमकी तेवढीच आहे. मी ती फडक्याने पुसली आणि पुन्हा दारामागे ठेवली.