आमची वाटचाल: टायर बसवण्यापासून हलक्या रिमपर्यंत

टायर बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. आज आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या हलक्या रिम बसवण्यासाठी येतात. एका कामातून दुसऱ्या कामात आम्ही गेलो ते मोजमापाच्या साधनांच्या आधारानं. आधी वजनकाटा आला, मग डायल गेज (रिमचा बारीक डगमग मोजणारं), मग नीट तपासून घेतलेला टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानं आवळणारा) आणि शेवटी तीन तारांवर टांगलेली तबकडी. प्रत्येक साधनानं आमचा सल्ला थोडा बदलला. तो आज असा आहे: मूळ रिमच्याच व्यासाची हलकी रिम घ्या, टायरचंही वजन करा, आणि भारक्षमता पुरत नसेल तर रिम कितीही हलकी असो, ती गाडीला लावू नका.

वजनकाट्याचं काम सोपं वाटतं, पण त्यालाही शिस्त लागते. रिम मोकळी मोजायची, म्हणजे व्हॉल्व्ह, मधली टोपी आणि चिकटवलेली वजनं काढून. टायर वेगळा मोजायचा. जाहिरातीत छापलेलं वजन बहुधा त्या डिझाइनच्या सगळ्यात लहान मापाचं असतं. १५ इंची साधी लोखंडी रिम ८ ते ९ किलोच्या आसपास भरते. त्याच मापाची साच्यात ओतलेली अलॉय साधारण ७ किलो, फ्लो-फॉर्म्ड सुमारे ६, आणि फोर्ज्ड त्याहून थोडी कमी. पण १७ इंची ओतीव अलॉय सहज १० किलोवर जाते. म्हणजे लोखंडी १५ इंची काढून अलॉय १७ इंची लावली की गाडी हलकी होण्याऐवजी चारही कोपऱ्यांत जड होते. दिसायला ती छान दिसते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त तिला ‘हलकी रिम’ म्हणून विकणं आम्हाला पटत नाही.

हा फरक बनवण्याच्या पद्धतीतून येतो. ओतीव रिममध्ये वितळलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू (बहुधा ए३५६) साच्यात भरतात. त्यात बारीक पोकळ्या राहू शकतात, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. फ्लो-फॉर्मिंगमध्ये ओतलेल्या रिमचा बाहेरचा पिंपासारखा भाग गरम असतानाच रोलरखाली दाबत लांबवतात. धातू दाट होतो, भिंत पातळ करता येते आणि वजन नेमकं कडेवरून कमी होतं. फोर्ज्ड रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या (बहुधा ६०६१) घन ठोकळ्याला प्रचंड दाबाखाली आकार देऊन, मग मशीनवर कोरून करतात. रोजच्या वापरासाठी आम्ही बहुतेकांना फ्लो-फॉर्म्ड सुचवतो.

कडेवरून वजन कमी होण्याला एवढं महत्त्व का, हे तीन तारांच्या तबकडीवर समजतं. हलकी गोल तबकडी सारख्या लांबीच्या तीन तारांनी आडवी टांगायची, तिच्या बरोबर मध्यावर रिम ठेवायची, थोडासा पीळ द्यायचा आणि सोडायचं. वीस हेलकाव्यांचा (जाऊन परत आला की एक) वेळ मोजून एका हेलकाव्याचा काढायचा. एकूण वजन गुणिले ९.८१, गुणिले मध्यापासून तारेपर्यंतच्या अंतराचा वर्ग, गुणिले वेळेचा वर्ग, याला ३९.५ गुणिले तारेच्या लांबीनं भागलं की फिरण्याचं जडत्व, म्हणजे रिम फिरवायला किती जड आहे ते, मिळतं. रिकाम्या तबकडीचं जडत्व तसंच मोजून त्यातून वजा करायचं. दीड मीटर तारा आणि मध्यापासून २० सेंटिमीटरवर बांधलेल्या गाठी असतील, तर १५ इंची रिमचा एक हेलकावा पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतो. तबकडी हलकी असेल तर घड्याळाकडे पाहूनच कळतं की एकाच वजनाच्या दोन रिमपैकी कोणाचं वजन कडेला जास्त आहे. तिचे हेलकावे सावकाश होतात.

गाडी वेग घेते तेव्हा इंजिनाला चाक पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं. म्हणून १५ इंची रिमवरचा एक किलो वेग घेताना बॉडीवरच्या साधारण सव्वा किलोसारखा वागतो. टायरवरचा एक किलो आणखी बाहेर असल्यानं पावणेदोन किलोसारखा. सगळं वजन टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठावर असतं, तरी आकडा दोनच्या वर जाऊ शकला नसता. ‘चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते गणितात बसत नाही, आणि ग्राहकाला तसं सांगणं चूक आहे.

चालकासह ११०० किलोची छोटी गाडी घ्या. साडेआठ किलोच्या लोखंडी रिम काढून सहा किलोच्या लावल्या आणि टायरही प्रत्येकी एक किलो हलका निवडला. रिमचे वाचलेले दहा किलो बाराएक किलोसारखे, टायरचे चार किलो सातसारखे. एकूण १९ किलो, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर. शून्य ते शंभरला १२ सेकंद घेणारी गाडी फार तर दोन दशांश सेकंद वाचवेल.

मग काही जणांना गाडी एकदम चपळ का वाटते? त्यांच्या टायरचं माप विचारा. १८५/६५ आर१५ (१८५ मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, १५ इंची रिम) टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, १८५/६० आर१५ चा ६०३. रिमबरोबर टायर असा बदलला की व्यास तीन टक्क्यांनी घटतो आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी ओढ तेवढीच वाढते. वजन कमी करून मिळालं त्यापेक्षा हे जास्त आहे. त्यात स्पीडोमीटरही तीन टक्के पुढे पळतो, त्यामुळे काट्याकडे पाहून घेतलेली वेळ आणखी फसवी ठरते. जुन्या झिजलेल्या टायरवरची चाल आणि नव्या टायरवरची चाल यांची तुलनाही अशीच दिशाभूल करते. पुरता झिजलेला टायर नव्यापेक्षा किलोभर तरी हलका असतो, आणि तो किलो सगळ्यात बाहेरच्या कडेवरून गेलेला असतो. तुलना करायची तर टायरचं माप, झीज आणि हवा सारखी ठेवा.

हलक्या चाकाचा खरा लाभ वेगळीकडे आहे. स्प्रिंगच्या खाली जे जे लटकतं (चाक, ब्रेक, चाक ज्यावर बसतं तो हब, सस्पेंशनच्या आर्मचा काही भाग) ते छोट्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यात साधारण ३५ किलो भरतं. वरच्या उदाहरणात त्यातले साडेतीन किलो गेले, म्हणजे थेट दहा टक्के. वेग घेण्यातला पावणेदोन टक्के फायदा आणि इथला दहा टक्के यांची तुलना करून पाहा. चाक टायरच्या रबरी लवचिकतेवर वरखाली थरथरतं, त्याची गती सेकंदाला बारा वेळांच्या आसपास असते. वजन दहा टक्के घटलं की ती पाच टक्के वाढते आणि उडालेलं चाक लवकर रस्त्यावर परत येतं. शॉक ॲब्सॉर्बरला आवरावं लागणारं वजन घटतं, त्यामुळे तोच शॉक थोडा जास्त ताकदीचा असल्यासारखा वागतो. उखडलेल्या डांबरावर वळण घेताना गाडी बाहेर सरकण्याऐवजी धरून राहते, ते यामुळे. गुळगुळीत रस्त्यावर हा फरक जवळजवळ जाणवत नाही. आणि रिमचा व्यास वाढवून साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) पातळ केली तर टायर कडक होतो, खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो आणि हलकेपणाची कमाई तिथेच संपते.

स्टिअरिंग थोडं हलकं आणि तत्पर लागतं, कारण फिरत्या चाकाची दिशा बदलायला कमी जोर लागतो. ब्रेकबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. एबीएस असलेल्या गाडीचं थांबण्याचं अंतर टायरची पकड ठरवते. डिस्कवरची उष्णता किंचित घटते, इतकंच. इंधनाची बचत थांबत-थांबत चालवताना थोडी, एकसारख्या वेगात नगण्य. तिथे टायरचं रबर आणि हवेचा दाब कितीतरी जास्त फरक पाडतात. विजेच्या गाडीत ब्रेक लावताना काही ऊर्जा परत मिळते, म्हणून हलक्या चाकाची बचत आणखी कमी. शिवाय ती गाडी वजनदार असते, त्यामुळे भारक्षमता आधी पाहावी लागते.

भारक्षमतेचा हिशोब आम्ही प्रत्येक गाडीसाठी कागदावर करतो. गाडीच्या पाटीवर प्रत्येक एक्सलला परवानगी असलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. पुढच्या एक्सलला ८८० किलो असेल तर प्रत्येक रिम किमान ४४० किलोची हवी. हा आकडा रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. नसेल तर ती रिम आम्ही बसवत नाही. जेडब्ल्यूएल (अलॉय रिमचं जपानी मानक) हा शिक्का निर्माता स्वतः मारतो, तर व्हीआयए म्हणजे त्रयस्थ संस्थेनं पडताळणी केलेली. दोन्ही असलेली रिम आम्ही पसंत करतो. टायरचंही तसंच. भार निर्देशांक ८८ म्हणजे ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. माप बदलताना निर्देशांक घसरत असेल तर एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या प्रकारचा टायर घ्यावा लागतो. पण तो आपला पूर्ण भार २९० किलोपास्कल दाबाला उचलतो, साधा टायर २५० ला. म्हणून त्यात जुन्याच दाबाची हवा भरून चालत नाही, आणि वजनातही तो सहसा थोडा जास्त भरतो.

बसवण्यात सगळ्यात जास्त गोंधळ ऑफसेटचा होतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचं अंतर; ते ‘ईटी’ म्हणून मिमीत लिहितात. ६ इंच रुंद, ईटी ४५ रिम काढून ७ इंच रुंद, ईटी ४० लावली तर बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर येते आणि आतली ७.७ मिमी आत जाते. बाहेर मडगार्ड, आत शॉक ॲब्सॉर्बर, दोन्हीकडे जागा पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि सस्पेंशन दाबून तपासल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. ईटी पाच मिमीनं घटला की चाकाचा मध्य तेवढाच बाहेर सरकतो; बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातात ओढू लागतं. ब्रेकचा कॅलिपर आणि रिमचे स्पोक यांत किमान तीन मिमी अंतर ठेवतो. पिंपाच्या आतल्या बाजूला आणखी जास्त, कारण बॅलन्सिंगची वजनं तिथेच चिकटतात.

रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल, समजा रिमचं ७३.१ आणि हबचं ५४.१ मिमी, तर ही फट भरणारी त्याच मापाची रिंग बसवावी. ती नसेल तर रिम केसभर एका बाजूला बसते आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मशीनवर बॅलन्स अचूक दाखवतो, गाडीवर थरथर कायम राहते. अशा तक्रारीत आम्ही आधी रिंग पाहतो, मग हबवरचा गंज, मग डायल गेजनं रिमचा डगमग. नव्या रिममध्ये तो अर्ध्या मिमीच्या आत असावा. नटाचं बूड ६० अंशांचं निमुळतं, गोलाकार की सपाट, हे रिमच्या खाचेशी जुळलंच पाहिजे. न जुळलेला नट कडेच्या एका रेषेवर टेकतो आणि हळूहळू ढिला होतो. १२ मिमी जाडीच्या, १.५ पिचच्या स्टडवर नट किमान आठ फेरे चढावा. आट्यांना तेल लावू नये. घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्क, फुलीच्या क्रमानं, चाक अधांतरी असताना अर्धा आणि जमिनीवर टेकवून पूर्ण. मग ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा.

खड्ड्यात आपटल्यावर फोर्ज्ड रिम बहुधा वाकते, ओतीव बहुधा तडकते. तडा साधारणपणे आतल्या कडेला असतो, बाहेरून दिसत नाही. हवा थोडी थोडी जात राहते. साबणाचं पाणी लावून तो सापडतो. गॅसच्या ज्योतीवर अलॉय गरम करून सरळ करणं धोक्याचं, कारण धातूला उष्णता-प्रक्रियेनं दिलेली मजबुती त्या ज्योतीनं उतरते. पावडर कोटिंगची भट्टी २०० अंशांपेक्षा गरम आणि जास्त वेळ ठेवली तरी तेच. स्पोकला तडा गेलेली रिम आम्ही वेल्ड करत नाही, ती भंगारात जाते.

सेट देताना जुने नट आम्ही एका पिशवीत घालून डिकीत ठेवतो. लोखंडी स्टेपनीला नवे नट जुळतीलच असं नाही, आणि स्टेपनी लागते तेव्हा योग्य नट गाडीतच असायला हवेत.