कोरियन गात भिजली तर?

तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियन ऐतिहासिक मालिकांत पुरुषांच्या डोक्यावर दिसणारी ती काळी, रुंद काठाची, आरपार दिसणारी टोपी पावसात भिजली तर काय करायचं?

भिजू द्यायची नाही, बस. या ‘गात’चा काठ केसाएवढ्या बारीक बांबूच्या धाग्यांचा, वरचा उभा भाग घोड्याच्या केसांचा. सगळं सरसाने धरलेलं, वरून शाई आणि झाडाच्या चिकाचं रोगण. ओल लागली की सरस सैल पडतो, काठ लोंबतो. बांबूला भलता बाक आला की नुसता वाळवून तो जात नाही.

म्हणून ‘गाल्मो’. तेल पाजलेल्या हांजीची, म्हणजे पारंपरिक कोरियन कागदाची, पंख्यासारखी घडी होणारी. उघडली की टोकदार शंकू. गातवर चढवायची, दोरी हनुवटीखाली बांधायची. आपलं इरलं अंग झाकतं, ही टोपीची टोपी. गात घातलेली नसेल तर गाल्मोखाली वेगळी चौकट लागते, नाहीतर तिला बसायला आधारच नाही.

घरी आल्यावर गात ‘गातचिप’मध्ये. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवलेली ही पेटी छताला टांगत किंवा कपाटावर ठेवत, म्हणजे काठावर काही पडत नाही.

तरीही काठ वाकडा झालाच, तर ‘इंदू’. लांब दांड्याची ही छोटी इस्त्री निखाऱ्यांत तापवून काठावर हलकेच फिरवायची. जास्त तापली तर बांबू करपतो, कमी तापली तर बाक धरत नाही. सगळा खेळ तेवढ्याचाच. नवी गात करतानाही काठाला बाक असाच देतात. त्या कामाला ‘थुजिप’ पकडणं म्हणतात आणि कोरियन भाषेत याच शब्दांचा अर्थ खुसपट काढणं असाही होतो. दुरुस्तीवाले जास्त दोष दाखवून जास्त पैसे घेत, त्यावरून हा अर्थ आला म्हणे. खरं-खोटं असो, पटतं मात्र.

गातखालची कपाळपट्टी, म्हणजे ‘मांगगॉन’, घोड्याच्या केसांचीच. पण हिला पाण्याची भीती नाही. विणून झाल्यावर ती लाकडी साच्यावर ताणून उकळत्या पाण्यातूनच आकाराला आणतात. हिच्यासाठी ‘साल्चॉकमिरी’ हवी: बांबूची किंवा शिंगाची पातळ, चपटी पट्टी. मांगगॉन बांधून झाली की कानशिलावरचे सुटे केस हिने आत सारायचे. कडा मात्र गुळगुळीत घासलेली हवी, नाहीतर ती जाळीत अडकते आणि धागा तुटतो.