बादली भरायला किती मिनिटे लागतात?

चिपळूणमध्ये पंप, फवारणीची यंत्रे आणि गवत कापायची यंत्रे विकणाऱ्या एका दुकानात मी गेली चौदा वर्षे काम करतो. विक्री आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे माझ्याकडेच असल्यामुळे मी गिऱ्हाइकाच्या हाती दिलेले यंत्र बिघडले की ते पुन्हा माझ्याच टेबलावर येते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी असेच एक यंत्र परत आले आणि त्या दिवसानंतर प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणारी यंत्रे, विकण्याची माझी पद्धत बदलली.

यंत्र घेऊन आलेले गृहस्थ गुहागर रस्त्यावरच्या एका गावातील निवृत्त शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. नऊ दिवसांपूर्वी त्यांनी माझ्याकडूनच साडेबारा हजारांचे, २००० वॅटचे मोठे यंत्र नेले होते. रिक्षातून ते खोके उतरवताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते म्हणाले, "अरे, हे मशीन धापा टाकतंय. मिनिटभर जोर येतो नि जातो. परत येतो, परत जातो. तूच म्हणालास ना, दीडशे बार आहे, काही बघायला नको?"

बार म्हणजे दाब मोजण्याचे एकक. मी तसे म्हणालो होतो हे खरे आहे, आणि तसे का म्हणालो हेही सांगितले पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. ते ओसरल्यावर आमच्या दुकानासह सगळ्या बाजारपेठेत जो चिखल उरला, तो काढताना लहान यंत्रे निरुपयोगी ठरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. जी मोठी यंत्रे मिनिटाला भरपूर पाणी फेकत होती, त्यांनीच गाळे मोकळे केले. तेव्हापासून मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र हे माझ्या मनात पक्के बसले आणि अंगण धुणाऱ्यालाही मी तेच सुचवू लागलो. चिखल वाहून नेण्यासाठी भरपूर पाणी लागते, तर शेवाळ सुटण्यासाठी मर्यादित दाब पुरतो. ही दोन कामे वेगळी आहेत, याचा विचार मी केला नव्हता.

यंत्र दुकानातील नळाला जोडले. आमची टाकी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असल्यामुळे नळाला सुमारे एक बार दाब मिळतो. दहा मिनिटे यंत्र अखंड चालले, गन सोडली की मोटर आपोआप थांबत होती, दाबली की लगेच सुरू होत होती. मी गुरुजींना सांगितले की यंत्रात दोष नाही. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे दोष माझ्या घरात आहे?" या प्रश्नाला दुकानात बसून उत्तर देता येत नव्हते. मालकांची परवानगी घेऊन मी ते यंत्र, प्रात्यक्षिकासाठी ठेवलेले एक लहान यंत्र आणि मल्टिमीटर टेम्पोत टाकले आणि त्यांच्याबरोबर निघालो.

घर जुने, कौलारू, समोर शहाबादी फरशीचे प्रशस्त अंगण, मधोमध तुळशीवृंदावन आणि भोवती जांभ्या चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये अशा अंगणावर हिरवट काळ्या शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. मागच्या श्रावणात तुळशीला पाणी घालायला निघालेल्या काकू याच फरशीवर घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. गुरुजींनी पेन्शनच्या पैशांतून यंत्र घेतले ते त्यासाठी. हे त्यांनी दुकानात मला सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

पाहणीला सुरुवात मी पाण्यापासून केली. टाकी चार फुटी चिऱ्याच्या चौथऱ्यावर होती, म्हणजे वरून मिळणारा दाब अगदीच थोडा, जेमतेम एका बारचा पाचवा हिस्सा. तिथून सत्तर फूट लांब, मऊ, हिरवा बागेचा पाइप गोठ्याच्या कोपऱ्यावरून वळत अंगणात आला होता आणि त्या कोपऱ्यावर तो चक्क मुडपला होता. यंत्राच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून तळहातावर झटकली, तर वाळूचे कण आणि शेवाळाचे तंतू पडले. पाइप सरळ करून, जाळी धुऊन मी काकूंकडे पंधरा लिटरची बादली मागितली आणि गुरुजींना घड्याळ पाहायला सांगितले. बादली भरायला तीन मिनिटे वीस सेकंद लागली. मिनिटाला साडेचार लिटर पाणी येत होते, आणि खोक्यावर छापल्याप्रमाणे यंत्राला मिनिटाला साडेसात लिटर हवे होते.

गुरुजींनी आकडे वहीत लिहिले आणि मान हलवली. गणित त्यांना मी समजावण्याची गरज नव्हती. मी फक्त यंत्राच्या पोटात काय होते ते सांगितले. या पंपात तीन लहान दट्टे असतात आणि ते ठरलेले पाणी ओढू पाहतात. तेवढे पाणी आले नाही की आत पोकळी निर्माण होऊन बुडबुडे तयार होतात, ते फुटताना खडी खडखडल्यासारखा आवाज येतो, दाब चढतो आणि पडतो, आणि असे फार दिवस चालले तर सील झिजून पाणी गळू लागते. गुरुजींच्या यंत्राने धापा टाकल्या, त्या श्वास पुरेनासा झाल्यामुळेच.

विजेची स्थिती याहून काळजीची होती. ओसरीतल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन जोडलेले होते आणि त्याची वायर रिळावर गुंडाळलेलीच होती. २००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर वीज घेते. यंत्र पाच मिनिटे चालवल्यावर मी रिळाला हात लावला, तर ते इस्त्री नुकतीच बंद केल्यासारखे गरम होते. मल्टिमीटरवर यंत्र बंद असताना २०८ व्होल्ट दिसत होते आणि मोटर सुरू होताच आकडा १७६ वर उतरत होता. ओल्या अंगणात, ओल्या हातांनी, अशा जोडणीवर ते नऊ दिवस काम करत होते. काही झाले नाही, हे नशीब.

मग मी गडग्याकडे वळलो. तिथे जे दिसले ते मला आजही टोचते. चिऱ्यांवर आडव्या-उभ्या लालभडक रेघा कोरल्या गेल्या होत्या, काही ठिकाणी अर्धा सेंटीमीटर खोल, आणि सांध्यांतला चुना निघून खाली सांडला होता. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. वरचा काळपट, टणक झालेला थर गेला की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पुढच्या पावसात आणखी झिजतो. दाब कमी पडतो आहे असे वाटल्याने गुरुजींनी नोझल फिरवून धार सुईसारखी एकवटली होती आणि गन दगडाला जवळजवळ टेकवून चालवली होती. यंत्र देताना नोझलबद्दल दोन वाक्ये सांगितली असती, तर गुरुजींच्या आजोबांच्या हातचा तो गडगा वाचला असता. मी तसे त्यांना स्पष्ट सांगितले आणि माफी मागितली.

त्यानंतर आम्ही दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवली. लहान यंत्र १४०० वॅटचे, खोक्यावर ११० बार, पाणी मिनिटाला साडेपाच लिटर, किंमत साडेसहा हजारांच्या आसपास. इथे गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी फसगत होते ती खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने. तो बहुधा कमाल दाब असतो. प्रत्यक्ष काम करतानाचा दाब आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो आणि तो पुष्कळ कमी असतो. गुरुजींच्या दीडशे बारच्या यंत्राचा कामाचा दाब ११० होता, लहान यंत्राचा ७५. शेवाळ, गाडीवरची धूळ, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीची बाहेरची बाजू या घरगुती कामांना ७०-८० बार भरपूर होतो, असे माझे अनुभवातून बनलेले मत आहे. त्यापुढचे पैसे दाबावर घालण्यापेक्षा लांब पाइप, जवळपास मिळणारे सुटे भाग आणि दुरुस्ती यांवर घालावेत.

लहान यंत्रालाही नळाचे साडेचार लिटर अपुरेच होते. म्हणून काकूंनी भात ठेवायचे २०० लिटरचे निळे पिंप रिकामे करून दिले. ते टाकीच्या पाइपाने भरत ठेवले आणि त्यात जाळी लावलेला, न चेपणारा जाड पाइप सोडला. या प्रकारच्या यंत्राला साठवलेले पाणी खेचता येते, मात्र पाइपात आधी पाणी भरून हवा काढावी लागते. मिनिटाला साडेपाच लिटर जाते, साडेचार येते, म्हणजे पिंप रिकामे व्हायच्या कितीतरी आधी यंत्रालाच विश्रांती द्यावी लागणार. कार्बन ब्रशची मोटर असलेली ही हलकी यंत्रे पंधरा-वीस मिनिटे चालवून तेवढाच वेळ थांबवावीत. रोज तासन्‌तास काम असेल तर इंडक्शन मोटरचे जड, कमी आवाजाचे यंत्र घ्यावे. महिन्यातून दोनदा अंगण धुण्यासाठी त्याची गरज नाही.

वीज मी स्वयंपाकघरातील १६ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवरून, जाड वायर पूर्ण उलगडून घेतली. नोझल पंख्याच्या धारेवर ठेवले, फरशीपासून वीतभर अंतर धरले आणि वृंदावनाच्या पायथ्यापासून सुरुवात केली. पहिल्या फेरीत शेवाळाचा थर ओल्या कागदासारखा कडेने उचलला गेला आणि खालून शहाबादीचा राखाडी निळसर रंग निघाला. काकू ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी चप्पल काढून त्या धुतलेल्या दोन फरशांवर पाऊल ठेवले, टाच घासून पाहिली आणि म्हणाल्या, "लागतंय हो खरखरीत." त्यावर गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

पुढचा अर्धा तास गन गुरुजींच्या हातात होती आणि मी शेजारी उभा राहून सांगत होतो: पायात गमबूट हवेत, धार कधीही माणसाकडे, कुत्र्याकडे किंवा स्वतःच्या पायाकडे जाता कामा नये, कारण एवढ्या दाबाचे पाणी कातडी फोडून आत शिरते आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. काम संपल्यावर वीज बंद करून गन दाबायची, म्हणजे पाइपातला उरलेला दाब निघून जातो. त्यांनी हेही वहीत लिहिले. अंगणात १६ अँपिअरचे सॉकेट आणि विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवण्यासाठी मी गावातल्या वायरमनला फोन लावून दिला.

लहान यंत्र गुरुजींकडे ठेवून मोठे यंत्र मी परत घेतले. फरकाचे पैसे मालकांनी एका शब्दात मान्य केले. पुढे महिनाभराने ते यंत्र स्वतःची बोअरवेल असलेल्या एका गाड्या धुण्याच्या केंद्राने नेले आणि तिथे ते उत्तम चालू आहे. आता प्रेशर वॉशर मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी घरी जाऊन बादली भरायला किती मिनिटे लागतात ते मोजून यायला सांगतो. काही जण कंटाळून दुसऱ्या दुकानात जातात. बहुतेक जण चिठ्ठीवर आकडा लिहून परत येतात.

गुरुजींचे अंगण या मे महिन्यात मी पुन्हा पाहिले. फरशी स्वच्छ होती, सॉकेट बसले होते, निळे पिंप कोपऱ्यात झाकण लावून ठेवलेले होते. गडग्याच्या सांध्यांत त्यांनी गवंड्याकडून चुना भरून घेतला आहे, पण कोरल्या गेलेल्या रेघा तशाच आहेत. त्या बाजूला ते यंत्र नेत नाहीत. तिथले शेवाळ हिराच्या खराट्यानेच घासतात.